स्पीकरची कास

पाठवणीच्या वेळी सगळ्यांचे बाप रडतात. माझा बाप टेम्पोवाल्याशी भांडत होता.

लासूर स्टेशनला आमच्या घरापुढं मांडव घातलेला. मांडवाच्या दारात आई माझ्या गळ्यात पडून रडत होती, मावश्या रडत होत्या, ज्यांचा माझा फारसा संबंधही नव्हता अशा बायका रीतीप्रमाणं डोळे पुसत होत्या. आणि बाबा टेम्पोत चढून दोन मोठ्या स्पीकरच्या पेट्यांना गोधड्या गुंडाळत होते. "तोंडं बाहेरच्या बाजूला करू नको, खडा उडून लागंल," असं ते टेम्पोवाल्याला सांगत होते. टेम्पोवाला म्हणत होता की नवरीच्या कपड्यांच्या पेटीला जागा उरत नाही. बाबा वरूनच मला म्हणाले, "पेटी मांडीवर घे."

शेवटी ते खाली उतरले आणि माझ्याकडं आले. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील. मी मान खाली घालून तयारच होते. त्यांनी माझ्या हातात त्यांच्या जुन्या धोतराचा घडी केलेला तुकडा ठेवला आणि म्हणाले, "पुसायला हेच वापर. ओलं करून, पिळून. आणि रबराला ऊन लागू देऊ नको."

मला एवढा संताप आला की रडायचंच राहून गेलं. औरंगाबाद येईपर्यंत मी मांडीवर पेटी घेऊन दात-ओठ खात बसले होते आणि नवरा बिचारा मला माहेरची आठवण येतेय असं समजून पाणी विचारत होता.

बाबा मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत्याकडं कामाला होते. पोट त्यावर चालायचं, पण जीव सगळा स्पीकरमध्ये. गावात पूर्वी येणारी एक तंबूतली टॉकीज बंद पडली तेव्हा तिचे दोन स्पीकर त्यांनी मिळवले, जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांच्या पेट्या स्वतः केल्या आणि त्यात ते बसवले. स्पीकरच्या मधोमध काळ्या कागदाचा पसरट कोन असतो, आणि त्या कोनाच्या कडेनं फुगीर रबराची गोल पट्टी. आवाज होतो तेव्हा कागद मागं-पुढं हलतो, आणि त्याला हलू देणारं आणि धरूनही ठेवणारं ते रबर. ते कडक झालं, चिरलं, की आवाज फाटतो. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

आमच्या घरी रबर बदलायचं म्हणजे सुतक पाळायचं. जुनं रबर नखानं खरवडून काढायचं, कडा साफ करायची, नवं रबर गोंदानं चिकटवायचं आणि कागद अगदी मधोमध बसला का ते दोन अंगठ्यांनी हळूच दाबून कानानं बघायचं. आतून जरा जरी घासल्यासारखा आवाज आला तर पहिल्यापासून. गोंद वाळेपर्यंत घरात कोणी धावायचं नाही, दार आपटायचं नाही, फोडणीही द्यायची नाही, कारण शिंक आली तर जबाबदार कोण. आई त्या दिवशी सगळ्यांना दही-भात घालायची.

आणि बाबांचा स्वभाव असा, की दिलेली वस्तू नीट ठेवली नाही तर ते ती परत आणत. त्यांच्या धाकट्या बहिणीला त्यांनी हौसेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. एकदा तिच्याकडं जेवायला गेले, तर घड्याळ बंद. चावीच दिलेली नव्हती. त्यांनी पानावरून उठून हात धुतले, स्टूल घेतलं, घड्याळ काढलं आणि काखेत मारून लासूरला आले. बहीण पुढं कैक दिवाळ्या आमच्याकडं आली नाही. घड्याळ मात्र आमच्याकडं नीट चालायचं.

सासर उस्मानपुऱ्यात, दोन खोल्यांचं. नवरा पैठण रस्त्याला चितेगावच्या एका कंपनीत होता. घरात तो, मी आणि सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं सगळं आयुष्य मेंढरं आणि शेळ्यांमागं गेलेलं. मामंजी गेल्यावर मुलानं त्यांना शहरात आणलं, कळप विकला आणि त्यांच्या हातांना कामच उरलं नाही. ते हात स्वस्थ बसत नसत. त्या बादलीची कडी हलवून बघत, दाराची बिजागरी चाचपत, मी झोपले की माझी वेणी सोडून पुन्हा घालत. नवी सून म्हणून मी गप्प बसे, पण वेणी त्या इतकी घट्ट घालत की सकाळी भुवया वर ओढल्या जात आणि दिवसभर मी आश्चर्य वाटल्यासारखी दिसे.

स्पीकर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्या कणग्या काहून आणल्या? ज्वारी कुठंय?"

नवऱ्यानं घरातल्या टेपला जोडणी केली आणि गाणं लावलं. आत्याबाई जवळ गेल्या, रबरावर बोटं टेकवली आणि हात झटकन मागं घेतला. मग पुन्हा टेकवला. "जित्तं हाय की गं हे," त्या म्हणाल्या. काळं, गोल, मऊ, फुगीर, आतून हलणारं असं काहीतरी त्यांनी जन्मभर हाताळलेलं होतं. त्यांनी रबर सगळीकडून दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "कास हाय ही. चांगली हाय."

त्या दिवसापासून आमच्या घरात रबर हा शब्द संपला. शेळीची असते ती कास, आणि स्पीकरची असते तीही कास. एक पेटी थोरली झाली, एक धाकली. सकाळी चहाच्या आधी आत्याबाई दोघींच्या कासेवरून हात फिरवून यायच्या आणि बातमी द्यायच्या. थोरलीची आज मऊ हाय. धाकली जरा आखडली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायला लागलं की त्या आपली घोंगडी दोघींवर घालायच्या. बाबांचे नियम मी त्यांना सांगून ठेवले होते: ऊन नको, रॉकेलनं पुसायचं नाही, आणि तेल तर अजिबात लावायचं नाही. "तेल काहून नाय?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, "बाबा म्हणतात म्हणून." त्यांना ते पटलं नव्हतं, पण व्याह्याचा शब्द म्हणून त्यांनी मानला.

फोन आमच्याकडं नव्हता, तो खालच्या मजल्यावर घरमालकांकडं. बाबांचा फोन आला की मालकीणबाई जिन्यातून हाक मारायच्या आणि मी पदर सावरत धावत खाली जायचे. बोलणं दर वेळी एकच.

"हॅलो. रबर कसंय?"

"बरंय."

"ऊन?"

"नाही लागत."

"बरं. ठेवतो."

मग मी जिना आपटत वर यायचे. आत्याबाई विचारायच्या, "काय म्हणले इवाई?"

"रबर कसंय म्हणाले."

"आन तुझं?"

"मी काय रबर आहे का, माझं विचारायला," असं म्हणून मी भांडी घासायला घ्यायचे, आणि ती त्या दिवशी जरा जास्तच लखलखीत निघायची. जिन्यात मी मनातल्या मनात बाबांना सुनवायची वाक्यं तयार करायचे. चांगली धारदार असायची. फोनवर मात्र "बरंय" एवढंच निघायचं.

पहिली थंडी आली. आमच्याकडची थंडी कोरडी, ओठ फुटतात, टाचा फुटतात. मी तेव्हा सकाळी एका बालवाडीत शिकवायला जायला लागले होते. एक दिवस घरी आले तर जिन्यातच हळदीचा वास. आत गेले. आत्याबाई दोन्ही पेट्यांपुढं मांडी घालून बसलेल्या, हात कोपरापर्यंत पिवळे, शेजारी वाटी. आणि दोन्ही स्पीकर, रबरापासून कागदाच्या कडेपर्यंत, पिवळेधमक.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"कास फुटली व्हती बाई. हे बारीक बारीक चिरा. थंडीत फुटतीच. लोणी-हळद लावली. दोन दिसात मऊ पडंल बघ."

"मी सांगितलं होतं ना, तेल लावायचं नाही?"

"तेल कुठं लावलं? लोणी लावलं की."

ह्यावर वकिलालाही काही बोलता आलं नसतं. त्यांनी नियम मोडलेला नव्हता. वाटीत घरचं, ताकातलं लोणी होतं. मी दोनदा पोळीला मागितलं तेव्हा "थंडीला राहू दे" म्हणून ठेवलेलं, ते हे.

नवरा पाळी संपवून आला. त्यानं स्पीकरकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गाणं लावलं. "आवाज तर येतोय," तो म्हणाला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग तो म्हणाला, "हळद लागलीच आहे, तर आता स्थळं बघू." मी त्याला त्या दिवशी पोळी कडक करून वाढली.

लोण्यानं रबर मऊ पडलं हे खरं. पण ते थांबेना. रोज थोडं फुगत गेलं, सैल झालं आणि आठवड्याभरात साडीच्या निऱ्या पडाव्यात तशा त्याला लाटा पडल्या. कागद एका बाजूला कलला. गाणारी बाई तोंडात लाडू धरून गातेय असं वाटायला लागलं. मुंग्या आल्या, त्यांनी भिंतीच्या कडेनं पक्की वाट केली. आणि शेजारचा बोका आला. तो खिडकीतून उतरायचा, धाकलीपुढं बसायचा आणि तिला शांतपणे चाटायचा. गाणं चालू असताना चाटायला त्याला जास्त आवडायचं, कारण कागद हलायचा. आत्याबाई त्याला खराट्यानं हाकलत आणि बजावत, "पिल्लाचं हाय ते, तुझं नाय." कुठल्या पिल्लाचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अशात बाबांचा फोन आला.

"रबर कसंय?"

"बरंय," माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

"रविवारी येतो. हुरडा आणतो. डग्ग्याची कॅसेट पण आणतो, बघू कसं वाजतंय ते."

डग्गा म्हणजे बाबांची परीक्षा. तबल्याचा डग्गा घुमला पाहिजे, नुसता वाजून उपयोग नाही, आणि तो घुमण्याचं सगळं काम रबराचं. मी वर आले आणि आत्याबाईंना घड्याळाची गोष्ट सांगितली. पानावरून उठले, स्टूल घेतलं, सगळी. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"नेतील?"

"नेतील."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्या उठून पेट्यांपाशी जाऊन बसल्या. दोघींवरची घोंगडी त्यांनी उगाच नीट केली. मग म्हणाल्या, "माझं शेळ्यांचं खांड टेम्पोत घालून नेलं. म्या दाराआड उभी ऱ्हायले, बघवंना म्हून. एक शेळी वरडत व्हती, ती वळखू येत व्हती. आता ह्या दोघी नाय जायच्या बाई. कायबी कर."

लेकीला दिलेली वस्तू बाप परत घेऊन जातो ह्याची गल्लीत जी चर्चा झाली असती, तिचीच मला तोवर भीती होती. त्या क्षणी ती भीती बाजूला पडली. मला आत्याबाईंचे हात दिसत होते. घोंगडीच्या कडेला धरून बसलेले.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी तडक शहागंजाकडच्या एका गल्लीत गेले. तिथं रेडिओ आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल. घाईघाईत मी घरातलाच शब्द बोलून गेले.

"भाई, आमच्या स्पीकरची कास फुगलीय. नवीन मिळेल का?"

"क्या फुगेली है?"

"कास."

त्यानं कानावरची पेन्सिल सारखी केली. मग फार अदबीनं म्हणाला, "बाजी, जनावरां का डाक्टर पिछली गली में बैठता."

मी हातानं गोल करून दाखवलं, मग त्याला रबर समजलं. कशानं फुगलं, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि समोरच्या दुकानाकडं तोंड करून हाक मारली, "अरे इधर आ. स्पीकर को मक्खन लगाए बोल रै." समोरचा आला. त्याच्याबरोबर आणखी दोघे आले. एकानं विचारलं, "पाव भी लगाए क्या?" गल्ली हसायला लागली. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुझ्या आईनं मायेनं लावलं असतं तर हसला असतास का असा?"

दुकानदारानं हातानंच बाकीच्यांना मागं सारलं. मग म्हणाला, "मेरी अम्मी तो घी लगाती."

त्यानंतर तो नीट बोलला. त्या मापाचं रबर त्याच्याकडं नव्हतं, मुंबईहून मागवावं लागणार होतं आणि रविवारच्या आत येणं शक्य नव्हतं. तोवर एवढंच करा, म्हणाला: सौम्य साबणाच्या पाण्यानं कापडानं पुसून चिकटपणा काढा, कागदाला पाणी लागू देऊ नका, सावलीत वाळवा आणि वरून बोटानं थोडी पावडर फिरवा. "चिपचिप नै होता. लेकिन ज्यादा नक्को मारो." हे शेवटचं वाक्य मी घरी जाऊन आत्याबाईंना सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं.

साबण आत्याबाईंना मान्य नव्हता. लोकरीला त्या जन्मभर रिठा वापरत आलेल्या. रिठे भिजवले, फेस काढला, आणि बाबांच्या धोतराचा तुकडा त्यात बुडवून, घट्ट पिळून, दोन्ही रबरं त्यांनी इंचाइंचानं पुसली. कागदावर थेंब पडू नये म्हणून मी खालून हात धरून बसले होते. लोणी निघालं, मुंग्या गेल्या. हळद काही निघेना. हळद कधी निघते? रबर काळं व्हायचं ते मातकट पिवळं राहिलं. नवऱ्यानं बुटाचं पॉलिश सुचवलं. आत्याबाईंनी काजळ सुचवलं. मी दोघांनाही बाहेर बसवलं.

मग मला युक्ती सुचली. माझ्या लग्नात आलेले दोन खण होते. ते मी पेट्यांच्या तोंडावर ताणून चारी बाजूंनी टाचण्यांनी लावले. आत काय आहे ते दिसणार नाही, आणि धूळ बसू नये म्हणून लावले असं सांगता येईल. ओटी भरून बसवलेल्या दोन बायका भिंतीशी टेकल्यात असं दिसत होतं. नवरा म्हणाला, "नारळ ठेवू का पुढं?"

रविवारी बाबा पॅसेंजरनं आले. हुरड्याच्या कणसांची पिशवी आत्याबाईंच्या हातात दिली, "विहीणबाई, कवळा आहे, आजच भाजा," म्हणाले, आणि पायातलं काढायच्या आधी पेट्यांकडं वळले.

"हे काय?"

"धूळ बसू नये म्हणून," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. "चांगलं केलंस." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला चांगलं केलंस म्हटलं होतं आणि ते नेमकं खोट्यावर. ते सतरंजीवर बसले, कॅसेट नवऱ्याकडं दिली आणि डोळे मिटले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझी नजर चुकवली, तेव्हाच मला शंका आली. मी कोपऱ्यातला पावडरचा डबा उचलून पाहिला. नवा डबा, हलका लागला. मग हलवून पाहिला. रिकामा.

तेवढ्यात कॅसेटवरचा पहिला "धा" पडला आणि थोरलीच्या खणाच्या चारी कडांमधून पांढरा धूर निघाला.

"शॉर्ट झालं," नवरा ओरडला आणि कॅसेट बंद करायला धावला. बाबा त्याच्याआधी पोचले. त्यांनी टाचण्या काढायचीही वाट पाहिली नाही, खण ओढून काढला आणि तोंड स्पीकरच्या अगदी जवळ नेऊन वास घेतला. जळका वास नव्हता. गुलाबाचा होता.

"परत लाव," ते तोंड तिथून न हलवता म्हणाले.

"बाबा, नको," मी म्हणाले. पण नवऱ्यानं आयुष्यात सासऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यानं बटण दाबलं. धा.

बाबा सरळ उभे राहिले. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, टोपीची कड पांढरी. पिठाच्या गिरणीत काम करणारी माणसं दिसतात तसे. कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं ते मी पदरात दाबून धरलं. आणि त्याच वेळी बोका आला. तो रोजच्यासारखा खिडकीतून उतरला, कोणाकडं न बघता धाकलीपाशी गेला, नखानं खण बाजूला केला आणि चाटायला लागला.

बाबांनी बोक्याकडं पाहिलं. मग थोरलीच्या पिवळ्या रबराकडं पाहिलं, लाटा पाहिल्या. बोट फिरवून नाकाला लावलं.

"लोणी," ते म्हणाले.

मी लावलं, असं सांगायला मी तोंड उघडलं. आत्याबाई आधी बोलल्या. "म्या लावलं. कास फुटली व्हती म्हून लावलं."

कास कुठली, हे बाबांनी विचारलं नाही. ते नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, खाली जाऊन टेम्पो मिळतो का बघा." नवरा छताकडं पाहायला लागला. आत्याबाई दारातून निघाल्या आणि पेट्यांपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात अजून हुरड्याची पिशवी होती. मला वाटलं, आता रडतील, हातापाया पडतील.

"न्या," त्या म्हणाल्या. "तुमचं हाय, तुमी न्या. पर इवाई, एक इचारते. लेक दिली तवा तुमी रबराचं समदं सांगितलं. ऊन नको, तेल नको, ह्याच फडक्यानं पुसा. पोरीचं काय सांगितलं? पहाटं उठवलं तर दिसभर भांडे आपटती. आंबट खाल्लं की तोंड येतं. मेघ गरजला की गोधडीत शिरती आन नाय म्हणती. हे समदं माझं मला हाताला लागलं. तुमी फोन करता तवा रबर कसंय. ही जिना चढती तवा हिचं तोंड कसं असतंय, ते म्या बघते. आता आल्यापस्नं तुमी एकदा तरी इचारलं का, कशी हाईस म्हून?" त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "रबर न्यायचं तर न्या. पर आधी तिला इचारा."

माझी जिन्यातली सगळी धारदार वाक्यं एकदम बोथट झाली. आत्याबाईंनी माझं गाऱ्हाणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं होतं, आणि ज्या दोघींसाठी त्या आठवडाभर झोपल्या नव्हत्या त्यांच्यावर पाणी सोडून मांडलं होतं. टेप कोणी बंद केला नव्हता, डग्गा वाजत होता, दर ठेक्याला थोडी थोडी पावडर उडत होती.

बाबा माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर एवढी पावडर, की रंग उतरलाय का चढलाय काही कळेना. त्यांनी घसा साफ केला. जमिनीकडं पाहिलं, बोक्याकडं पाहिलं, शब्द कुठं मिळतो का म्हणून खोलीभर शोधलं. त्यांच्याकडं होते तेवढे शब्द एकाच कामाचे होते.

"ऊन," ते म्हणाले आणि थांबले. "ऊन तर लागत नाही ना तुला?"

"नाही, बाबा."

"फार कोरडं पडतं का? इकडची हवा..."

"पडतं थोडं. पण आत्याबाई आहेत."

त्यांनी मान डोलावली. आत्याबाईंकडं पाहिलं, त्यांच्या अजून पिवळ्या असलेल्या नखांकडं पाहिलं. मग खाली बसले. टोपी काढून झटकली. "मग असू दे इथंच," ते म्हणाले.

स्पीकरबद्दल म्हणाले का माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. मला एकदम पाठवणीचं राहून गेलेलं रडू आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं. आत्याबाईंनी डोळे पुसायला हाताशी होतं ते फडकं माझ्यापुढं धरलं. बाबांच्या धोतराचा तो तुकडा होता, आणि त्याला लोण्याचा वास येत होता.